खूण पटवून घेऊन जावे

सन 2006 मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनसहून पनवेलकडे निघालेल्या एका लोकलमध्ये एका प्रवाशाचे पैशाचे पाकीट गेले. पाकिटात 900 रुपये होते. हार्बर मार्गावर अशा घटना नित्य घडतात आणि ज्याचे गेले त्याच्याखेरीज त्यांची आठवण कोणी ठेवीत नाही. परंतु या पाकिटाचे पुढे जे झाले ते वर्तमानपत्रांत छापून यावे असेच होते. एप्रिल 2020 मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी, वाशीच्या लोहमार्ग पोलिसांनी त्या गृहस्थांना दूरध्वनी करून पाकीट मिळाल्याचे कळविले. टाळेबंदीमुळे त्यांना तेव्हा जाता आले नाही; निर्बंध सैल झाल्यावर ते वाशीच्या कचेरीत गेले, तेव्हा 300 रुपये त्यांच्या हाती पडले, 100 रुपये मुद्रांकाच्या कागदापोटी वजा झाले, आणि उरलेली 500 रुपयांची नोट 2016 च्या नोटाबंदीत रद्द झालेली असल्यामुळे ती बदलून आल्यावर देण्यात येईल असे त्यांना सांगण्यात आले. साथीचे भय अद्याप ओसरले नसताना एक माणूस तीनशे रुपयांसाठी घराबाहेर पडतो, ही गोष्ट निव्वळ जमाखर्चाच्या वहीत बसविता येणार नाही. जे गेलेच असे मानून मनाने केव्हाच सोडून दिले होते, ते इतकी वर्षे कोठेतरी, कोणाच्या तरी दप्तरात, आपल्या नावाने होते, एवढे कळताच त्याचे मोल पालटले. हे मोल नेमके कशाचे असते याचा शोध घेण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

हा शोध जुईनगरपासून सुरू करतो. हे स्थानक याच मार्गावर सानपाडा आणि नेरूळ यांच्या मध्ये येते. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने भातखाचरे, मिठागरे आणि खाडीकाठची आगरी-कोळी गावे यांच्या भूमीवर जे नवे शहर वसविले त्याचा हा एक भाग. वाशीपासून नेरूळपर्यंतचा लोहमार्ग 1993 मध्ये सुरू झाला आणि ठाण्याकडून तुर्भ्यावरून येणारा दुसरा मार्ग 2004 मध्ये त्याला येऊन मिळाला. सानपाड्याच्या अंगाला रुळांना लागूनच लोकलगाड्यांची कारशेड आहे. दिवसभर माणसे वाहून थकलेल्या गाड्या तेथे विसाव्याला जातात, आणि फळीवर राहिलेली छत्री, जेवणाचा रिकामा डबा, लहान मुलाची पाण्याची बाटली, असले जिन्नस पुष्कळदा धन्यावाचून त्यांच्यासह तेथवर जातात. वस्तीही अशी की तिच्यातील बहुसंख्य बिऱ्हाडे दुसरीकडून उठून आलेली: कोणी गिरगाव-लालबागच्या चाळीतून, कोणी घाटावरून, कोणी कोकणातून. बिऱ्हाड हलविताना काय काय मागे राहते हे ज्याने एकदा सामान बांधले आहे त्याला सांगावयास नको. येथील मूळ गावकऱ्यांची तर वस्तूच नव्हे, खाचरांचे बांधच दृष्टीआड झाले. तो विषय मोठा आणि वेगळा आहे, म्हणून त्याचा येथे केवळ निर्देश करून पुढे जातो.

हरवण्याच्या या अवस्थेचा विचार आपल्या भाषांनी फार पूर्वी केलेला आहे. संस्कृत वैयाकरणांनी 'नश्' या धातूचा अर्थ 'अदर्शन', म्हणजे दिसेनासे होणे, असा दिला आहे, आणि म्हणूनच स्मृतिग्रंथांत 'नष्ट' द्रव्य म्हटले की मोडून-जळून गेलेले द्रव्य नव्हे, तर हरवलेले द्रव्य समजावयाचे असते. मराठीत या शब्दाचा अर्थ पुढे कठोर झाला आणि नष्ट म्हणजे नाश पावलेले असे आपण म्हणू लागलो. पण मूळ अर्थ ज्यांनी ठरविला त्यांची दृष्टी मला अधिक सूक्ष्म वाटते. फुटलेल्या कपाचे दुःख तुकडे उचलून केराच्या टोपलीत टाकताना संपते. हरवलेल्या वस्तूचे तसे नाही. ती नाही असे म्हणता येत नाही, केवळ आपल्याला दिसत नाही, एवढेच म्हणता येते. या क्षणी ती कोणत्यातरी खणात, कोणाच्या तरी बोटात, कोठल्यातरी गाळात निश्चित आहे, आणि हा 'आहे'च मनाला स्वस्थ बसू देत नाही. फडताळ पाचव्यांदा उघडणाऱ्या माणसाला ती वस्तू तेथे नाही हे ठाऊक असते, तरीही तो फडताळ उघडतो.

पाश्चात्त्य मानसशास्त्राने या विषयाकडे लक्ष दिले त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. विल्यम जेम्स याने 1890 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या मानसशास्त्रावरील महाग्रंथात असे प्रतिपादन केले की मनुष्याचा 'स्व' म्हणजे त्याचे शरीर आणि मन एवढेच नव्हे. ज्याला तो 'माझे' म्हणतो ते कपडे, ते घर, ती माणसे, ते हस्तलिखित, या सर्वांची ती बेरीज असते, आणि म्हणून स्वतःचे काही गेले की पैशाच्या तोट्यापलीकडे आपणच थोडे उणे झालो अशी जाणीव होते. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट याने 1951 मध्ये वाचलेल्या एका निबंधात तान्ह्या मुलाच्या अंथरुणातील चिंधी किंवा मऊ खेळणे याचे महत्त्व दाखविले: आई जवळ नसताना ती चिंधी आईची जागा भरून काढते, आणि म्हणूनच ती धुतलेलीही मुलाला खपत नाही. आपल्याकडे यासाठी दृष्टांत शोधत फिरावयास नको. आजीच्या जुन्या लुगड्याच्या घड्यांवर दोरे घालून शिवलेली गोधडी पाहा. तिच्या वासावाचून झोप न येणारे मूल, आणि ती गोधडी बोहारणीला देऊन टाकली म्हणून पुढे कित्येक वर्षे रुसलेला मोठा मुलगा, ही दोन्ही माणसे पुष्कळ घरांत आढळतील.

या संदर्भात ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मननीय आहे. तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना एक यंत्र दाखवून, यात ठेवलेल्या वस्तूची हुबेहूब दुसरी प्रत निघते, असा त्यांचा समज करून देण्यात आला. इतर खेळण्यांच्या बाबतीत मुले नवी प्रत घ्यावयास सहज तयार झाली. परंतु ज्या खेळण्यावर मुलाचा जीव जडलेला होता ते यंत्रात ठेवावयासच काहींनी नकार दिला, आणि ज्यांनी ठेवू दिले त्यांतील बहुतेकांनी मूळचेच परत मागितले. म्हणजे वस्तूचे रूप, रंग, स्पर्श सर्व तेच असले तरी जिच्यासंगे आपला काळ गेला ती हीच, ही समजूत तीन वर्षांच्या मुलालाही असते. अर्थशास्त्रज्ञांना हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने सापडली. कानेमान, नेच आणि थेलर यांच्या 1990 मधील प्रयोगात ज्यांना एक साधा मग देण्यात आला त्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत ही, तो विकत घेऊ पाहणारे देऊ करीत असलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट निघाली. काही मिनिटांच्या मालकीने हा फरक पडतो. मग तीस वर्षे गळ्यात असलेल्या मंगळसूत्राचे काय?

हा प्रश्न जुईनगरलाच विचारण्याचे कारण नोव्हेंबर 2017 मधील एक प्रसंग आहे. सेक्टर 11 मधील बँक ऑफ बडोदाच्या शाखेपर्यंत जवळच्या एका गाळ्यातून चोरट्यांनी भुयार खणले. गाळा काही महिने अगोदर भाड्याने घेऊन त्यात किराणा दुकान थाटलेले होते. दिवसा माल विकावयाचा आणि आतल्या अंगाला जमीन पोखरावयाची, असा तो उद्योग. सुमारे पंचवीस-तीस फूट लांबीचे ते भुयार थेट लॉकरच्या दालनात निघाले, आणि दोनशेहून अधिक लॉकरांपैकी तीस फोडले गेले. शनिवार-रविवारची सुटी संपवून सोमवारी सकाळी दालन उघडण्यात आले तेव्हा ही गोष्ट उघडकीस आली. पुढे पोलिसांनी टोळीतील पुष्कळांना पकडले आणि ऐवजातील काही भाग हस्तगत केला.

वर्तमानपत्रांनी या चोरीचा आकडा कोटींत सांगितला, आणि ते योग्यच होते; पण लॉकरात माणसे जे ठेवतात ते सोने म्हणून ठेवतात काय, हा विचार त्या आकड्यात मावत नाही. मध्यमवर्गीय मराठी घरातील लॉकर म्हणजे सासूने लग्नात घातलेल्या पाटल्या, आईने मरणापूर्वी काढून दिलेली नथ, बारशाला आलेली बिंदली आणि वाळे, मोडून दुसरे काही करावयाचे असे दर वर्षी ठरते आणि दर वर्षी राहून जाते तो जुन्या घडणीचा लफ्फा. यांतील प्रत्येकाला एक दिवस, एक हात आणि एक प्रसंग चिकटलेला असतो. चोरीच्या सोन्याचा व्यवहार असा आहे की ते लवकरात लवकर मुशीत जाते आणि लगड होऊन बाहेर येते. तेथे वजन शिल्लक राहते, नथ राहत नाही. पोलिसांनी तेवढेच वजन परत आणून दिले तरी ज्या बाईची नथ गेली तिला आपली वस्तू मिळाली असे म्हणता येणार नाही. हूड आणि ब्लूम यांच्या मुलांप्रमाणे तीही हुबेहूब दुसरीवर समाधान मानणार नाही.

कायद्याची यात फार ओढाताण होते. लॉकर भाड्याने देणाऱ्या बँकेला आत काय आहे हे ठाऊक नसते आणि ते विचारण्याचा तिला अधिकारही नसतो, आणि याच सबबीवर बँका दीर्घकाळ आपली जबाबदारी नाकारीत आल्या होत्या. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सबब अमान्य केली आणि रिझर्व्ह बँकेस सहा महिन्यांत नियम करावयास सांगितले. त्याप्रमाणे 18 ऑगस्ट 2021 रोजी परिपत्रक निघाले आणि 1 जानेवारी 2022 पासून ते अंमलात आले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा नोकरांची लबाडी यांमुळे लॉकरातील ऐवज गेल्यास बँकेचे दायित्व आता लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पट राहते. म्हणजे वर्षाला 2,000 रुपये भाडे भरणाऱ्यास अधिकात अधिक दोन लाख रुपये. भरपाई अजिबात नव्हती तेथे ही मोजपट्टी आली, हे चांगले झाले. परंतु ती ऐवजाची मोजपट्टी नसून पोलादी पेटीच्या आकाराची आहे, हे ग्राहकाने समजून असावे. सोन्याच्या किमतीशीही तिचा संबंध नाही, मग नथीच्या प्रसंगाशी कोठून असणार?

तरीही आपल्या धर्मशास्त्राने या कोड्यातून काढलेली वाट इतकी शहाणी आहे की ती आजही मोडलेली नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे की ज्याचा धनी ठाऊक नाही असे द्रव्य राजाने तीन वर्षे जपून ठेवावे. त्या मुदतीत धनी आला तर त्याला द्यावे, नंतर ते राजाचे. याज्ञवल्क्याने जकातीवरील आणि नाक्यावरील अधिकाऱ्यांनी आणलेल्या हरवलेल्या मालासाठी एका वर्षाची मुदत घातली आहे. मुदतींचा हा भेद पंडितांनी सोडवावा. महत्त्वाचे कलम त्यापुढचे आहे. 'हे माझे' असे जो म्हणेल त्याला वस्तूचे रूप, संख्या, रंग, प्रमाण, ती कोठे आणि केव्हा हरवली, हे विचारावे. ज्याचे वर्णन जुळेल त्याला वस्तू मिळेल, आणि ज्याला ते सांगता येणार नाही त्याला वस्तूच्या किमतीइतका दंड. आज वाशीच्या किंवा कुर्ल्याच्या ठाण्यात बॅग मागावयास गेलात तर जमादार हेच विचारतो: रंग कोणता, आत काय होते, कोणत्या गाडीत, कोणत्या डब्यात. पुरातन काळापासून मालकीचा शेवटचा पुरावा हाच राहिला आहे की वस्तू समोर नसताना तुम्हाला ती वर्णन करून सांगता आली पाहिजे. हरवलेल्या वस्तूवरचा आपला हक्क आपल्या स्मृतीत असतो.

इंग्रजी अमदानीतील कायद्याने सापडवणाऱ्याच्या बाजूचाही विचार केला. 1872 च्या भारतीय करार अधिनियमाप्रमाणे ज्याने दुसऱ्याची हरवलेली वस्तू उचलून ताब्यात घेतली त्याची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्याइतकीच असते. मालकाचा शोध व वस्तूची निगा यांसाठी झालेला खर्च मिळेपर्यंत ती त्याला अडवून धरता येते, आणि मालकाने विशिष्ट बक्षीस जाहीर केले असेल तर ते दाव्याने वसूलही करता येते. 1860 च्या दंडसंहितेतील कलम 403 खाली दिलेली उदाहरणे तर बोधकथांसारखी आहेत. रस्त्यावर पडलेला एक रुपया कोणाचा हे ठाऊक नसताना उचलणारा गुन्हेगार नव्हे. पण मौल्यवान अंगठी सापडताच मालकाच्या शोधाचा यत्नही न करता ती विकणारा गुन्हेगार होय. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा अपराध कलम 314 मध्ये आला आहे.

अंगठीचे नाव निघाले म्हणजे कालिदासाची आठवण होणे अपरिहार्य आहे. महाभारतातील शकुंतलेच्या कथेत अंगठी नाही. ती कालिदासाने घातली, आणि हरवलेल्या वस्तूवर उभे राहिलेले एवढे मोठे नाटक माझ्या पाहण्यात दुसरे नाही. नावातील 'अभिज्ञान' या शब्दाचा अर्थच ओळख, किंवा ओळख पटविणारी खूण. शचीतीर्थाच्या पाण्यात खूण पडली, राजाची आठवण गेली. माशाच्या पोटातून खूण निघाली, आठवण परतली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यास 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणून मराठी प्रेक्षकांना ही कथा गाण्यांतून दिली. पण मला नेहमी थांबावयास लावतो तो सहाव्या अंकाच्या आरंभीचा धीवर. अंगठी विकावयास आणलेल्या त्या गरीब कोळ्याला रक्षक पाठीमागे हात बांधून, मारीत आणतात. मासा चिरताना ती मिळाली हे त्याचे म्हणणे कोणी खरे धरीत नाही. आणि राजाने अंगठीच्या मोलाइतके द्रव्य त्याला दिल्याचे कळल्यावर त्याच रक्षकांशी त्याला त्यातील अर्धे वाटून घ्यावे लागते. हरवलेल्या वस्तूच्या भोवती संशय कसा गोळा होतो आणि तो नेहमी कोणत्या दिशेने वाहतो हे कवीने पुरेपूर ओळखले होते.

गणेशचतुर्थीला आपल्याकडे स्यमंतक मण्याची कथा सांगतात, तीही याच जातीची: मणी गळ्यात घालून शिकारीस गेलेला प्रसेन सिंहाने मारला, सिंहाला जांबवंताने मारले, आणि आळ मात्र श्रीकृष्णावर आला. श्रीकृष्ण समर्थ होता. गुहेत शिरून, लढून, मणी परत आणून त्याने आळ धुतला. ज्यांना असे करता येत नाही त्यांचे काय होते? घरात अंगठी दिसेनाशी झाली की पहिली नजर भांडी घासणाऱ्या बाईकडे जाते, सोसायटीत काही गेले की पहारेकऱ्याकडे. दोन दिवसांनी अंगठी साबणाच्या डबीखाली सापडते; तोवर त्या बाईचे काम सुटलेले असते, आणि तिला बोलावून क्षमा मागण्याइतके धैर्य फार थोड्या घरांना होते. वस्तूच्या मागे माणूस हरवतो तो असा, आणि या हानीची फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदली जात नाही. माझ्या मते या विषयातील सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे.

वस्तुतः घरातल्या घरात हरवलेल्या वस्तू बहुधा कोणी नेलेल्या नसतात. त्या ठेवताना मन दुसरीकडे असते. स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात की अशा वेळी आपण जागा विसरतो असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. लक्ष नसल्यामुळे जागेची नोंद मेंदूत झालेलीच नसते, आणि जे नोंदलेच नाही ते आठवणार कसे? आपल्या पूर्वजांनी याचेच वर्णन 'काखेत कळसा, गावाला वळसा' असे केले. जे श्रद्धाळू आहेत ते अशा वेळी कार्तवीर्य सहस्रार्जुनाचे नामस्मरण करतात, गोव्यातील आणि वसईतील ख्रिस्ती बांधव संत अंतोनीची प्रार्थना करतात, कोकणात देवाला कौल लावतात. या उपायांची थट्टा करण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. सैरभैर झालेले मन काही क्षण एका जागी स्थिर होते, आणि स्थिर मनाला आपण पाकीट कोणत्या सदऱ्याच्या खिशात ठेवले ते पुष्कळदा आठवते.

मुंबई आणि तिच्या उपनगरांत या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि ती वेदनेची आहे. 12 मार्च 1993 च्या स्फोटमालिकेनंतर, आणि विशेषतः 11 जुलै 2006 रोजी पश्चिम मार्गावरील लोकलगाड्यांत झालेल्या सात स्फोटांनंतर, धन्यावाचून पडलेली पिशवी ही दयेची वस्तू राहिली नाही. 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ही सूचना आपण स्थानकावर इतक्या वेळा ऐकतो की ती ऐकू येईनाशी होते. ज्या वर्षी ते पाकीट गेले त्याच वर्षी हा बदल झाला. पूर्वी फळीवरची पिशवी पाहून 'अहो, कोणाची राहिली?' असे विचारणारा डबा आता तिच्यापासून दूर सरकतो. ही सावधगिरी आवश्यक आहे. मात्र तिने आपल्यातला विचारणारा माणूस गप्प केला, हेही विसरून चालणार नाही.

तो सर्वस्वी गप्प झालेला नाही याला एक शास्त्रीय आधार आहे. 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जगातील चाळीस देशांतील 355 शहरांमध्ये, भारत धरून, सतरा हजारांहून अधिक पाकिटे बँका, पोलीस ठाणी, हॉटेले, टपालकचेऱ्या अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांच्या हाती 'रस्त्यावर सापडले' म्हणून देण्यात आली आणि त्यांतील किती जण मालकाला कळवितात हे पाहिले गेले. लोभामुळे पैशाचे पाकीट कमी परत येईल असा अर्थतज्ज्ञांचाही होरा होता. घडले उलट: पैसे नसलेल्या पाकिटांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांबाबत मालकाशी संपर्क साधला गेला, पैसे असलेल्यांबाबत हे प्रमाण एकावन्न टक्के निघाले. त्याहून हृद्य गोष्ट किल्लीची. काही पाकिटांत पैशांबरोबर एक किल्ली ठेवली होती आणि काहींत ठेवली नव्हती. किल्लीची पाकिटे अधिक परत आली. सापडवणाऱ्याला किल्लीचा काडीचा उपयोग नाही, आणि मालकाचे मात्र तिच्यावाचून घर अडते. एका परक्या माणसाने दुसऱ्या परक्याच्या दाराची कल्पना केली आणि तो दूरध्वनीकडे वळला.

हरवलेले परत मिळविण्याचा सर्वांत मोठा मराठी प्रयत्न मात्र एका ग्रंथाच्या बाबतीत झाला. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, गावोगाव हिंडून, प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना विचारून गोळा केल्या; तोच 'लीळाचरित्र' हा मराठी गद्याचा आद्य चरित्रग्रंथ. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. तेव्हा पंथातील ज्यांना ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांनी आपापल्या स्मरणाने ती पुन्हा सिद्ध केली, आणि आज या ग्रंथाचे जे निरनिराळे पाठ आढळतात त्यांच्या मुळाशी ही हानी आणि ही भरपाई आहे. संपादकांना पाठभेदांचा त्रास होतो हे खरे. पण एक पोथी हरवून तिची वर्णने उरली आणि त्या वर्णनांतून ग्रंथ परत आला, हे पाहिल्यावर त्या पाठभेदांविषयी आदरच वाटतो. हक्क सिद्ध करण्यासाठी मनूने जी कसोटी सांगितली तीच येथे एका पंथाने ग्रंथाच्या बाबतीत पार पाडली.

आपल्या आजीच्या पिढीला हे तत्त्व स्वयंपाकघरात ठाऊक होते. मुंजीला, लग्नाला आलेल्या तांब्या-पेल्यावर नाव, गाव आणि तारीख घालून घेण्याची चाल त्यातूनच आली. पंगतीला दिलेले पातेले शेजारच्या आळीतून परत यावे एवढाच तिचा हेतू होता, पण त्यामुळे पन्नास वर्षांनी अडगळीतून निघालेले भांडे कोणाच्या मुंजीचे हे आपोआप कळते. आज आपण नाव घालीत नाही, आणि जे सर्वांत अधिक जपावयाचे ते, म्हणजे छायाचित्रे, पत्रे, आईचा आवाज, एका भ्रमणध्वनीत कोंडून तो खिशात घालून गर्दीत शिरतो. त्या यंत्राचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक खोक्यावर छापलेला असतो. तो वेगळ्या कागदावर लिहून ठेवला तर मे 2023 पासून सुरू असलेल्या शासनाच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर हरवलेले यंत्र बंद पाडता येते व त्याचा माग काढता येतो. रेल्वेत काही राहिले तर 139 हा क्रमांक आहे, आणि रेल्वे सुरक्षा दलाने अशा वस्तू धन्याकडे पोचविण्याच्या आपल्या मोहिमेला 'ऑपरेशन अमानत' असे नाव दिले आहे. अमानत हा शब्द मला फार आवडला. वस्तू सापडली नाही, कोणाचीतरी आपल्याकडे ठेव आली, असा त्याचा भाव आहे.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. लॉकरातील प्रत्येक दागिन्याचे छायाचित्र काढा, आणि त्याच्या पाठीवर वजनाबरोबर तो कोणी, केव्हा, कशासाठी दिला हेही लिहा. पाकिटात स्वतःच्या अक्षरात नाव-पत्त्याची चिठ्ठी घाला. घरात काही दिसेनासे झाले तर चार दिवस कोणाचेही नाव घेऊ नका. आणि जुईनगरच्या फलाटावर धन्यावाचून पिशवी दिसली तर तिला हात न लावता तेथील पोलिसाला दाखवा. पाकीट किंवा किल्ली दिसली तर ती त्याच दिवशी स्टेशन मास्तरांच्या हवाली करा, आणि वहीत नोंद झालेली पाहिल्यावरच घराकडे वळा.